पुरात बुडालेली १९७१ची फियाट : मूळ इंजिन वाचवावं की दुसरं बसवावं?

कृष्णाकाठी (सांगली)
नमस्कार मंडळी. घरात दोन महिने चाललेला वाद इथं मांडतोय.

आमच्याकडं १९७१ची फियाट ११०० आहे, फिकट निळी. अण्णांनी ती १९७८ला मिरजेच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. अण्णांचं काम शेतीपंप दुरुस्तीचं. डिकीत पंप, मागच्या सीटवर फूटव्हॉल्व्ह आणि पाइपाचे तुकडे, पुढच्या सलग सीटवर अण्णांशेजारी आम्ही दोघे भाऊ. पलूस, भिलवडी, अंकलखोप, नदीकाठची सगळी गावं मी त्या गाडीतनं पाहिली. गाडीला ग्रीसचा वास यायचा आणि गळिताच्या हंगामात मळीचा.

२००५च्या पुरात पाणी शेडच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. त्या हिशेबानं ऑगस्ट २०१९ला आम्ही गाडी हलवली नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बॉनेट बुडालं. आठवडाभर गाडी पाण्यात होती. पूर ओसरल्यावर अण्णांनी पाइप लावून आतला गाळ धुतला, बॅटरी काढली, ताडपत्री टाकली. दुरुस्ती करू करू म्हणत राहिले. २०२१ला ते गेले.

आता आईला त्या गाडीतनं हरिपूरला संगमावर न्यायचंय, पण इंजिन फिरत नाही. पुतण्या म्हणतो, जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवू, महिन्यात गाडी रस्त्यावर. फिटरही तेच म्हणतो. माझं मन मूळ इंजिनात अडकलंय. ज्यांनी स्वतः यातून काढलंय त्यांनी सांगा.

घाटवाट (सातारा)
मूळचंच ठेवा. दुसरं इंजिन घातलं की ती फियाटच्या कपड्यातली जिप्सी.

आमची पद्मिनी (तुमच्याच फियाटचं पुढचं नाव) १९७९ची होती. मे महिन्यात पसरणी घाटात हमखास बंद पडायची. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफच ओढत बसायचा. बाबा ओलं फडकं पंपावर टाकायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचे, मग ती एका सेल्फात उठायची. त्या थांब्यावर आई करवंदं घ्यायची. पुढं नवी गाडी आली, घाट न थांबता चढायला लागलो आणि करवंदं बंद झाली.

उसाचा_फड (वाळवा)
मी उलट सांगतो, राग मानू नका.

आमच्याकडं विलिस जीप हाय, उंच बॉनेटची. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन, २२०० सीसी. प्यायची इतकी, की वडलांनी १९९१ला डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा पण लोक म्हणाले, जीप बाटवली. पण तीच जीप आजपतोर शेतात जाती, खत नेती, ऊसतोड टोळीतल्या पोरांना साखरशाळेत सोडती. भावकीत आणखी एक जीप होती, मूळ इंजिन ठेवणार म्हणून धरून बसले. पत्रा सडला, कोंबड्या अंडी घालायला लागल्या तिच्यात.

गाडी चालली पाहिजे. चालती गाडी माणूस पुसतो, तेल बघतो, आवाज ऐकतो. उभ्या गाडीकडं कोण बघत न्हाई.

कृष्णाकाठी
@उसाचा_फड, राग कसला. पुतण्याचं म्हणणं हेच आहे आणि ते मला खोडता येत नाही, म्हणून तर इथं आलो.

लेथवरचा (कुपवाड)
इंजिन फिरत नाही म्हणजे संपलं असं धरू नका. मी लेथ आणि बोअरिंगचं काम करतो, २०१९नंतर पुरातली इंजिनं बरीच आली. काय होतं ते सांगतो.

गाडी उभी राहते तेव्हा चारही सिलिंडर सारखे नसतात. एखाद्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. पाणी तिथून आत शिरतं. ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, तो पुष्कळदा वाचतो. म्हणजे तुमचे बहुतेक एक-दोनच पिस्टन गंजून अडकलेत.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ गिअरऑइल निम्मं-निम्मं ओता. आठ-दहा दिवस मुरू द्या, खाली उतरेल तसं वरून घाला. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून अर्धा इंच पुढं, अर्धा इंच मागं. हलकं सरकलं तरी पुरे. जोर करू नका. आणि कुणी म्हणालं, गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढू, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिरलं तरी लगेच सुरू करू नका. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवा. ऑइल पंपाच्या जाळीत पुराचा गाळ बसलेला असतो आणि तो बेअरिंग दहा मिनिटांत खातो. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आहे, स्टड लोखंडी. पाण्यानं दोन्ही एकमेकांना धरतात. हातोडा मारून काढायला गेलात तर हेड जाईल.

तुमचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, म्हणून १०८९ सीसी. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर ओव्हरसाइज पिस्टन, फार खोल असतील तर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी). दोन्ही कामं इथं होतात. ओतकाम लागलं तर कोल्हापूरचं उद्यमनगर तासाभरावर आहे. आपल्या भागात इंजिन मरायला फार कष्ट पडतात.

माहेर_वाई
मी गाडी शिकले ती स्टँडर्ड हेराल्डवर. मामांची होती, लाल-पांढरी. तिचं अख्खं नाकच पुढच्या बाजूला उघडायचं, मडगार्डासकट, त्यामुळं मामा पुढच्या चाकावर आरामात बसून इंजिनाचं काम करायचे आणि मी पाने हातात द्यायचे. १९८१ची गोष्ट. वाईत तेव्हा गाडी चालवणारी मुलगी दिसली की लोक दुकानातून बाहेर यायचे. मामा म्हणायचे, त्यांच्याकडे बघू नकोस, आरशात बघ.

कृष्णाकाठी, एक विचारते. जिप्सीचा गिअरबॉक्स बसवला तर गिअरचा दांडा खाली, मधोमध येणार ना? फियाटचा दांडा स्टिअरिंगवर आहे म्हणून पुढं सलग सीट बसते. तुम्ही दोघे भाऊ अण्णांशेजारी बसायचात ती जागाच राहणार नाही.

कृष्णाकाठी
माहेर_वाई, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पुतण्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण पाचवा गिअर मिळेल."

सातारी_कंदी
अवांतर : फियाटचा विषय निघालाच आहे तर 'डुक्कर फियाट' आठवते का कुणाला? पन्नाशीच्या दशकातली, गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी. आमच्या गल्लीत एक होती. लहानपणी मला वाटायचं कंपनीनंच ते नाव ठेवलंय. सातवीत निबंधात 'आमच्या शेजाऱ्यांकडे डुक्कर कंपनीची मोटार आहे' असं लिहिलं होतं आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवलं.

घाटवाट
:) उलट्या दाराचा एक फायदा होता, नऊवारीतल्या आजीला त्यातून बसता-उतरता यायचं. तोटा असा की चालत्या गाडीत दार उघडलं तर वारा ते खेचून पार मागं आपटायचा.

विश्रामबाग_स्टॉप
सांगलीकरांसाठी एक. आपल्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याला फियाट तिथंच बनायची. १९७४पासून तीच गाडी पद्मिनी झाली. मी चार वर्षं त्या कॉलेजात मेकॅनिकल शिकलो, रोज फियाटच्या शेजारी सायकल लावली, आणि हा संबंध मला नोकरीला लागल्यावर कळला.

सातारी_कंदी
मग साताऱ्याचंही लिहा! प्रिया स्कूटर आमच्या साताऱ्यात बनायची, महाराष्ट्र स्कूटर्समध्ये. आमच्या घरची प्रिया अजून आहे, दोन किका मारल्या की सुरू.

उसाचा_फड
प्रियाचा वेगळा धागा काढा, मी येतो. माझं लग्न प्रियावर ठरलंय.

कागदाचं_बघा (कराड)
इंजिन बदलायच्या आधी कागदांची बाजू बघा.

इंजिन बदललं की आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली. नोंद न करता फिरवलीत तर अपघातात विमा अडतो.

दुसरं, तुमची गाडी ५० वर्षांच्या वर आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. जिप्सीचं इंजिन घातलंत की ते दार बंद.

आणि हेही सांगतो, व्हीए नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुम्हाला हरिपूरला संगमावर आईंना घेऊन जायचं असेल तर साधी आरसी, दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, हाच मार्ग बरा. माझ्या ॲम्बेसेडरचं मी तेच करतो. आमच्या आरसीवर इंजिन नंबरातला एक आकडा चुकीचा पडला होता, तो दुरुस्त करायला सात महिने आणि अकरा खेपा लागल्या. तेव्हा जाण्याआधी इंजिनावरचा नंबर कार्बन पेपरनं उतरवून बुकाशी ताडून बघा.

हळदीचं_पेव (सांगली)
कुठलंही इंजिन ठेवा, पेट्रोलचं काय करणार? आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. या गाडीच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंग, सगळं जुनं रबर. इथेनॉलनं ते फुगतं, मऊ होतं, मग चिरतं. माझ्या भावाच्या पद्मिनीत नळी चिरून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकत होतं, वासावरून वेळीच कळलं. सगळ्या नळ्या व्हायटॉन रबराच्या टाका. पडदाही इथेनॉलला टिकणारा बघून घ्या. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आतून गंजते, म्हणून उभी ठेवायच्या आधी कार्ब्युरेटर रिकामा करा.

उसाचा_फड
इथेनॉल आमच्याच उसाचं. त्याच्यावर पोरांच्या फिया भरतोय, त्याला नावं ठेवणार न्हाई. नळ्या बदला, ते मातर खरं.

तारदेव_ते_तासगाव
काका मुंबईत टॅक्सी चालवायचे, पद्मिनी. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली. त्याचा तुमच्याशी संबंध असा, की टॅक्सीवाल्यांमुळं पार्ट मिळायचे. गिऱ्हाईक होतं म्हणून कुणीतरी बनवत होतं. आता व्हील सिलिंडरचे किट, सायलेन्सर, दाराचे रबर मिळतील तिथं दोन-दोन घेऊन ठेवा. काकांच्या माळ्यावर अजून दोन डिस्ट्रिब्युटर कॅप आणि एक पाण्याचा पंप आहे. लागत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पैसे नकोत. कुणाच्या गाडीत तरी लागले तर काकांना बरं वाटेल.

जुना_पाना (सातारा)
सगळा धागा वाचला. मी ४४ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. फियाट, ॲम्बेसेडर, हेराल्ड, तिन्ही पोटाखालून पाहिल्यात. तुमची चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे इंजिनाभोवती बसलेत. इंजिन शेवटी.

फियाटला वेगळी चासी नाही. जीपला आहे, हेराल्डलाही होती, म्हणून त्यांची बॉडी सडली तरी खालचा सांगाडा उभा राहतो. फियाटची बॉडी हीच चासी. दाराखालच्या ज्या पोकळ पट्ट्या आहेत, जमिनीचा पत्रा, मागच्या पाट्याच्या कमानी (स्प्रिंगा) जिथं बसतात ती जागा, यांच्यावर गाडीचं वजन असतं. पुराचं पाणी उतरतं, पण या पोकळ्यांत गाळ राहतो. गाळ ओल धरतो. बाहेरून रंग झकास आणि आतून पत्रा पापडासारखा. तुमच्या अण्णांनी गाडी धुतली असेल, पण त्या पट्टीच्या आत पाइप जात नाही.

आता असं करा. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. चारही दारांखाली, ड्रायव्हरच्या पायाखाली चटई उचलून, जॅक लावायच्या जागी आणि डिकीत स्टेपनीखाली टोचत जा. टणक आवाज आला तर पुढं. आत गेला तर तिथं खडूनं गोल करा. शेवटी गोल मोजा. दार उघडल्यावर खाली लटकतं का आणि बंद करताना उचलावं लागतं का, तेही बघा. लागत असेल तर बॉडी मधे वाकली आहे.

गोल पुष्कळ निघाले तर जिप्सीचं इंजिन सोडाच, मूळ इंजिनही त्यात घालू नका. आधी पत्राकाम. आणि पुट्टी भरून देतो म्हणणाऱ्याकडं नको. सडका पत्रा कापून नवा वेल्ड करणारा डेंटर हवा. कापायच्या आधी दारं जागेवर ठेवून आतून आडवे पाइप तात्पुरते वेल्डनं टॅक करायला सांगा, नाहीतर पट्टी कापली की बॉडी बसते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत.

त्यानंतर ब्रेक. चारी चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. पाच-सहा वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर गंजलेलेच असणार, सगळे बदला. मूळ इंजिनाची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, ब्रेक तेवढ्याच हिशेबानं दिलेत. जिप्सीचं इंजिन त्याहून बरंच ताकदीचं. गाडी पळेल, थांबवणार कशानं? १९९४ला माझ्या गॅरेजातून मी स्वतः अशी एक फियाट मोठं इंजिन घालून दिली होती, ब्रेक न बदलता. खंबाटकीच्या उतारावर ती पुढच्या ट्रकला जाऊन लागली. माणूस वाचला, पाय गेला. तेव्हापासून मी ते काम घेतलं नाही.

लेथवरचा
जुना_पाना काका, तुम्ही लिहिलंत ते मी आधी लिहायला हवं होतं. माझ्याकडं नुसतं इंजिन येतं, गाडी दिसत नाही.

उसाचा_फड
काका, पायाचं वाचून गप्प झालो. जीपला चासी हाय म्हणून निभावलं आमचं, हे ध्यानात आलं नव्हतं. तरी माझं एक म्हणणं ऱ्हातंय. पत्रा करा, ब्रेक करा, पण तारीख ठरवून करा. नुसतं 'करू' म्हणलं की ताडपत्रीच ऱ्हाती.

घाटवाट
+१. कृष्णाकाठी, काय झालं? आठवडा झाला.

कृष्णाकाठी
उशीर झाला, क्षमस्व. कालच टोचाटोची पूर्ण केली. मी, भाऊ आणि पुतण्या. आई खुर्ची टाकून बसली होती, खडू तिच्याकडं.

१७ गोल. डाव्या बाजूची दाराखालची पट्टी संपलीय. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि बाहेर काढला तर त्याच्यामागं वाळलेला काळा गाळ सांडला, भुसभुशीत, मूठ-मूठ. २०१९चा. तेवढी वर्षं तो आत होता. उजवी पट्टी अर्धी बरी. ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसते. मागच्या कमानींच्या जागा मात्र टणक आहेत, अण्णा दर पावसाळ्याआधी तिथं जुनं ऑइल मारायचे. डावं पुढचं दार थोडं लटकतं.

लेथवरचा, तुम्ही सांगितल्याप्रमाणं प्लग काढून डिझेल-ऑइल ओतलं होतं. आज अकरावा दिवस. पाना लावला. पहिल्यांदा काहीच नाही. पुतण्यानं परत लावला, मी पंख्याचं पातं धरून बघत होतो, आणि ते माझ्या बोटात हललं. जेमतेम पाव इंच. मग मागं. मग अर्धा इंच. पुतण्या ओरडला तो गल्लीत ऐकू गेला.

ठरलं ते असं : जिप्सी रद्द, आणि हे पुतण्याच म्हणाला. या महिन्यात पत्राकाम. डेंटर माधवनगर रोडचा मिळालाय, आडव्या पाइपांचं मी म्हणायच्या आत त्यानंच सांगितलं. मग ब्रेक. इंजिन तोवर उतरवून ठेवतो, दिवाळीनंतर उघडायचं. उसाचा_फड, तारीख लिहून शेडच्या दारावर लावली आहे, गाडी पाडव्याला हरिपूरला जाणार, गुढीपाडव्याला. साधी आरसीच ठेवतो. रंग तोच, आईची अट. तारदेव_ते_तासगाव, तुम्हाला व्यनि केलाय. पाण्याचा पंप हवाच आहे, काकांना नमस्कार सांगा.

माहेर_वाई
पुढच्या सीटवर या वेळी कोण बसणार?

कृष्णाकाठी
मधे आई. कडेला भाऊ. पुतण्या चालवणार, मी मागं, पाइप नसतील तर.

लेथवरचा
मस्त. ब्लॉक आणाल तेव्हा एक करा. मेन बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी प्रत्येकीवर आणि ब्लॉकवर जुळणारी खूण करा. त्यांची अदलाबदल झाली तर क्रँक बसत नाही आणि सगळं सरळ बोअर करून घ्यावं लागतं.

कृष्णाकाठी
आत्ता टॉर्च घेऊन सम्प उतरवून पाहिलं. खुणा आहेत. पंचानं मारलेले ठिपके, एक, दोन, असे क्रमानं, ब्लॉकवर आणि टोप्यांवर, अण्णांच्या पंपांवर असायचे तसेच. म्हणजे त्यांनी हे इंजिन एकदा उघडलेलं आहे, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणते १९८६ला गाडी दीड महिना शेडबाहेर आली नव्हती, तेव्हा असेल.